हौस म्हणून ग्लायडर शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ग्लायडर उडवते हे कळलं की निरोप यायला लागतात. अर्धे कॉलेजच्या मुलामुलींचे, उरलेले त्यांच्या आईवडिलांचे आणि अधूनमधून एखाद्या निवृत्त काकांचे. दर वेळी तेच उत्तर नव्याने लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी ठेवलंय. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. आकडे जिथे लागले तिथे एएसके २१ या जर्मन बनावटीच्या दोन आसनी ग्लायडरचे घेतलेत, कारण जगभर असंख्य क्लबांत नवशिक्यांना त्याच्यावरच बसवतात.

१. ग्लायडर म्हणजे कामशेतला उडवतात तेच ना?

नाही. कामशेतच्या डोंगरांवरून उडतात ती पॅराग्लायडर. कापडी पंख, दोऱ्या, आणि उतारावरून धावत जाऊन पाय सोडायचे. ग्लायडर हे चक्क विमान असतं, फक्त त्याला इंजिन नसतं. बंद कॉकपिट, वर पारदर्शक झाकण (त्याला कॅनॉपी म्हणतात), हातात दांडा, पायाशी रडरची (शेपटीच्या सुकाणूची) पेडलं, पोटाखाली चाक. एएसके २१ चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १७ मीटर भरतात. कायद्याच्या दृष्टीनेही ते विमानच. त्याला नोंदणी क्रमांक असतो, देखभालीच्या वह्या असतात आणि ते उडवायला परवाना लागतो.

२. इंजिन नाही तर वर राहतं कसं? वारा पडला की खाली येणार ना?

वारा पडल्याने काहीच होत नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांकडूनही मी तो ऐकलाय. पंखांना लागते ती ग्लायडरच्या स्वतःच्या वेगामुळे अंगावर येणारी हवा. त्यासाठी बाहेर वारा वाहायची गरज नाही. हा वेग मिळतो नाक किंचित खाली ठेवून, म्हणजे उंची खर्च करून. शांत हवेत ग्लायडर सतत खालीच येत असतं, पण फार सावकाश. एएसके २१ एक मीटर खाली येताना साधारण ३४ मीटर पुढे जातं. ३०० मीटर उंचीवरून कागदोपत्री १० किलोमीटर झाले. प्रत्यक्षात कुणी शहाणा माणूस हा हिशोब पूर्ण धरत नाही. वाटेत खाली जाणारी हवा लागते, समोरचा वारा लागतो, म्हणून निम्म्यावर भरवसा ठेवायचा.

वर जायचं असेल तर आपण ज्या वेगाने खाली येतोय त्याहून जास्त वेगाने वर चढणारी हवा शोधावी लागते. ती कुठे सापडते ते १२ व्या प्रश्नात.

३. महाराष्ट्रात कुठे शिकता येईल?

पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. ते केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं. तिथे विंचने, म्हणजे यंत्राने केबल ओढून, ग्लायडर वर सोडतात (प्रश्न ७). ‘ग्लायडर शिकायचंय’ या प्रश्नाला महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या हेच एक उत्तर आहे. पुण्यातल्या कितीतरी लोकांनी सोलापूर रस्त्याने जाताना ही पांढरी विमानं वर पाहिलेली असतात आणि ‘हे नक्की काय’ असं म्हणत गाडी पुढे हाकलेली असते.

सरकारी केंद्र आहे, तेव्हा वेळापत्रक, नवी भरती आणि दर यांची चौकशी आधी फोनवर करा आणि मगच रजा टाका. शेजारी लोहगावचा हवाई दलाचा तळ आहे. त्यामुळे इथलं उड्डाण हवाई वाहतूक नियंत्रणाशी समन्वय ठेवूनच चालतं, आणि मनाला येईल तितकं लांब जाता येत नाही. शिकायला मात्र त्याने काही अडत नाही, कारण पहिला बराच काळ धावपट्टी नजरेआड करायचीच नसते.

मुलगा किंवा मुलगी एनसीसीत असेल तर एक जोड माहिती. एनसीसीच्या हवाई विभागात पूर्वी ग्लायडरवर उडायला मिळायचं, पुढे मायक्रोलाइट विमानं आली. ‘आमच्या काळी आम्ही ग्लायडर उडवलंय’ असं सांगणारे काका बहुधा खरं बोलत असतात.

४. वय, वजन, चष्मा... मला बसू देतील का?

चष्म्याची अडचण नाही, दृष्टी चष्म्यासह नियमात बसली की झालं. परवान्यासाठी किमान वय १६. कमाल वयाची अट नाही, प्रकृतीची आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ग्लायडरच्या परवान्याला दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी लागते. रक्तदाब, मधुमेह, जुनं ऑपरेशन असं काही असेल तर ते मान्यताप्राप्त डॉक्टरपुढे मांडा. मला निरोपात रिपोर्ट पाठवून उपयोग नाही.

वजनाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो, आणि हलक्या माणसांची पंचाईत जास्त होते. एएसके २१ च्या पुढच्या सीटवर किमान ७० आणि कमाल ११० किलो चालतात, आणि त्यात पाठीवरच्या पॅराशूटचं वजन धरलेलं असतं. माणूस कमी भरला तर नाकाशी शिशाची किंवा लोखंडी वजनं घट्ट बसवतात. ‘दोन किलोंनी काय होतंय’ म्हणून ते टाळू नये. पुढे वजन कमी पडलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि ग्लायडर स्पिनमधून, म्हणजे गोल फिरत खाली कोसळण्यातून, बाहेर यायला कुरकुर करतं.

५. खर्च किती येतो?

इंजिनाच्या विमानाशी तुलना केली तर फारच कमी, कारण हवेत असताना इंधन जळत नाही. पैसे मोजावे लागतात ते लाँचचे (म्हणजे दर वेळी वर सोडण्याचे), ग्लायडरच्या वेळेचे आणि क्लब असेल तर वर्षाच्या वर्गणीचे. सरकारी केंद्र आणि परदेशी क्लब यांच्या दरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि दर बदलत राहतात, म्हणून इथे रक्कम लिहीत नाही. एक गोष्ट मात्र कुठेही सारखीच. या हौसेत पैशांपेक्षा शनिवार-रविवार जास्त खर्च होतात. घरच्यांशी आधी त्याबद्दल बोला.

६. एक दिवस जातो म्हणजे काय होतं? ‘अख्खा दिवस’ का म्हणतात सगळे?

कारण एका ग्लायडरला हवेत पाठवायला जमिनीवर चार-पाच माणसं लागतात, आणि ती माणसं म्हणजे तुम्हीच.

सकाळी हँगरमधून ग्लायडर ढकलत बाहेर काढायची. पंख लांब, जागा अपुरी, त्यामुळे एकजण नाकाशी, एकजण शेपटीशी आणि एकेक पंखांच्या टोकांशी, आणि सगळे एकाच वेळी ‘थांबा थांबा’ ओरडत असतात. मग तपासणी. प्रत्येक सांधा, प्रत्येक खीळ, कंट्रोलच्या जोडण्या हाताने चाचपून पाहायच्या. वाऱ्याची दिशा पाहून विंच मैदानाच्या एका टोकाला, ग्लायडर दुसऱ्या टोकाला. त्यानंतर दिवसभर कुणी पंख धरतंय, कुणी उड्डाणांची नोंद ठेवतंय, कुणी उतरलेलं ग्लायडर परत रांगेत आणतंय. तुमचा नंबर आला की सर्किट, म्हणजे उतरण्याआधीचा मैदानालगतचा ठरलेला फेरा, मारून पाच-सात मिनिटांत खाली. दिवसाला अशी तीन-चार उड्डाणं पदरात पडली तर दिवस सार्थकी लागला म्हणायचा.

‘तासाला पैसे घ्या पण मला आल्या आल्या उडवा’ असं विचारणारे पुष्कळ असतात. त्यांनी जॉय राइड करून घरी जावं, त्यातही मजा आहे. पण शिकणं होतं ते उन्हात उभं राहून दुसऱ्यांची लँडिंग बघताना. कोण उंच आलं, कुणी एअरब्रेक (उंची घालवायला पंखांतून उघडणाऱ्या फळ्या) उशिरा उघडले, वाऱ्याने कुणाला कुठे ढकललं, हे तासन्‌तास पाहिलेला विद्यार्थी सीटवर बसतो तेव्हा निम्मा तयार असतो.

७. विंच म्हणजे नक्की काय? वर कसं नेतात?

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला एक दणकट इंजिन आणि त्याला जोडलेला मोठा रीळ. त्याच्यावरची केबल, साधारण एक किलोमीटर लांब, ओढत ग्लायडरपर्यंत आणतात. तारेची किंवा हल्ली कृत्रिम धाग्याचीही असते.

विद्यार्थी पुढे, इन्स्ट्रक्टर मागे. पट्टे आवळायचे, कंट्रोल मोकळे फिरतात का बघायचं, एअरब्रेक बंद आणि कुलूपबंद, कॅनॉपी लावलेली. ‘केबल लावा’ म्हटलं की खालचा माणूस पोटाखालच्या हुकात कडी अडकवतो. पंख धरणारा वरचं आभाळ मोकळं आहे का बघतो आणि पंख समपातळीत उचलतो. विंचवाल्याला इशारा जातो. गवतातली ढिली केबल आधी सापासारखी सरकायला लागते, मग ताणली जाते, आणि नाकाला एक हलका हिसका बसतो.

त्यानंतर विचार करायला वेळ नसतो. दोन-तीन सेकंदांत चाक जमीन सोडतं. वेग पुरेसा वाढला की ग्लायडर हळूहळू नाक वर करत जातं, शेवटी ४० अंशांच्या आसपास. समोर फक्त निळं आभाळ, क्षितिज नाहीच. कोन बघायचा तो बाजूला, पंखाचं टोक क्षितिजाशी कसं दिसतंय त्यावरून. पाठ सीटमध्ये रुतलेली असते. पाऊण मिनिटाच्या आत सगळं संपतं. विंचवाला जोर कमी करतो, तुम्ही नाक खाली घेता, पिवळी मूठ दोनदा ओढता, पोटाखाली ‘खट्’ होतं आणि केबल आपल्या छोट्या पॅराशूटला लटकत खाली जाते. उंची साधारण ३०० ते ४५० मीटर.

मुठींचे रंग पहिल्याच दिवशी पाठ करा: पिवळी केबल सोडायची, निळी एअरब्रेकची, हिरवी ट्रिमची (दांड्यावर जोर न लावता वेग टिकवायची), लाल कॅनॉपी फेकून द्यायची. लालला उगाच हात लावायचा नाही.

दुसरी पद्धत म्हणजे इंजिनाच्या विमानाने दोरीने ओढत नेणं. ती महाग पडते, पण हवं तिथे आणि हवं तितकं उंच सोडून घेता येतं.

८. आणि केबल मध्येच तुटली तर?

तुटते. म्हणूनच शिकवतात. केबल आणि ग्लायडर यांच्यामध्ये मुद्दाम एक कमजोर दुवा घातलेला असतो. ताण मर्यादेबाहेर गेला तर ग्लायडरला इजा होण्याआधी तो तुटावा, अशीच योजना असते.

तुटलं की नाक आभाळाकडे आणि ओढणारं कुणी नाही, अशी अवस्था. वेग भराभर उतरतो. पहिलं काम दांडा पुढे, नाक नेहमीच्या पातळीच्याही किंचित खाली. दुसरं काम थांबणं. नाक खाली गेलं म्हणजे वेग आला असं होत नाही, काटा वर येईपर्यंत वळायचं नाही आणि एअरब्रेकला हात लावायचा नाही. मग केबलचा उरलेला तुकडा सोडून द्यायचा. आणि मग ठरवायचं की समोर जागा उरली आहे का? असेल तर सरळ उतरा. नसेल तर छोटा फेरा मारून उतरा.

इन्स्ट्रक्टर हे न सांगता करतात. शंभर मीटरवर अचानक पिवळी मूठ ओढतात आणि मागून आवाज येतो, ‘हं, आता?’ हे नीट जमल्याशिवाय कुणालाही एकट्याला सोडत नाहीत.

९. एकट्याने उडायला किती दिवस लागतात?

दिवसांत मोजू नका, लाँचमध्ये मोजा. विंचवर शिकणाऱ्याला सोलोपर्यंत साधारण पन्नास ते शंभर लाँच लागतात. वय कमी असेल आणि सलग शिकलात तर आधी, महिन्यातून एकदा आलात तर बरेच नंतर. मधे खंड पडला की हात विसरत नाहीत, पण नजर विसरते: जमीन किती जवळ आली हे कळेनासं होतं.

सोलो म्हणजे परवाना नव्हे. त्याचं १५ व्या प्रश्नात.

१०. सगळ्यात अवघड काय वाटतं सुरुवातीला?

पाय. दुचाकी-चारचाकीची सवय असलेल्या माणसाला वाटतं की हाताने वळवलं की वळणार. ग्लायडरचे पंख लांब. दांडा डावीकडे नेला की डावं वळण सुरू होण्याआधी नाक क्षणभर उजवीकडे जातं, आणि ते पायाने सावरावं लागतं. हात आणि पाय एकत्र चालायला हवेत.

याची परीक्षा घेणारं उपकरण कॉकपिटमधलं सर्वांत स्वस्त उपकरण आहे. कॅनॉपीच्या बाहेर, बरोबर मध्यावर, चिकटपट्टीने लावलेला बोटभर लांबीचा लोकरीचा धागा. उड्डाण स्वच्छ असेल तर तो नाकाकडून सरळ तुमच्याकडे येतो. धाग्याचं मोकळं टोक डावीकडे गेलं तर उजवा पाय, उजवीकडे गेलं तर डावा. हजारो युरोंची इलेक्ट्रॉनिक उपकरणं लावलेल्या स्पर्धेच्या ग्लायडरवरसुद्धा हा धागा असतोच.

११. भीती वाटते, आणि मला बस लागते. जमेल?

गच्चीच्या कठड्याशी पाय लटपटणाऱ्या अनेकांना ग्लायडरमध्ये काही वाटत नाही. बंद कॉकपिटमध्ये बसल्यावर जमिनीशी जोडणारी भिंत डोळ्यांना दिसत नाही, हे एक कारण. बस लागणाऱ्यांचं मात्र थोडं कठीण, कारण थर्मलमध्ये, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेत, गोल गोल फिरावं लागतं. उपाशी येऊ नका, मिसळ खाऊनही येऊ नका. नजर बाहेर, लांब ठेवा. मळमळायला लागलं तर लगेच सांगा. दांडा स्वतःच्या हातात असला की त्रास कमी होतो, म्हणून इन्स्ट्रक्टर बहुधा ‘घे, तूच उडव’ म्हणतात. बहुतेकांचं काही उड्डाणांनंतर थांबतं.

१२. थर्मल दिसत नाही, मग सापडतं कसं?

ऊन जमिनीला तापवतं, जमीन हवेला. पण सगळी जमीन सारखी तापत नाही. नांगरलेलं कोरडं रान, खडकाळ माळ, पत्र्यांची छपरं लवकर तापतात. भिजलेलं शेत, तळं, दाट झाडी उशिरा. तापलेली हवा सुटून वर जाते आणि दर १०० मीटरला साधारण एक अंश थंड होत जाते. आसपासच्या हवेपेक्षा उबदार आहे तोवर चढत राहते, आणि पुरेशी वाफ असेल तर माथ्यावर कापसासारखा ढग धरतो. सपाट, गडद बुडाचा, कडा रेखीव असलेला ढग म्हणजे खाली काम चालू आहे. कडा विस्कटलेला ढग बहुधा मेलेला असतो, तिकडे धावून उपयोग नाही.

आणि घारी. दख्खनच्या पठारावर घारीसारखा गुरू नाही. पंख न हलवता गोल फिरत चढणारी घार दिसली की डोकं न चालवता तिच्याकडे जावं. माणसाला व्हेरिओमीटर लागतो. तो हवा वर नेतेय की खाली हे काट्याने आणि आवाजाने सांगतो. घारीला तो लागत नाही. ती तुमच्यापेक्षा अर्ध्या जागेत वळते, त्यामुळे अगदी तिच्या शेपटीला लागू नका.

थर्मल लागलं की एक पंख उचलल्यासारखा वाटतो. ज्या बाजूचा उचलला, त्या बाजूला वळा. तिथे आधीच कुणी फिरत असेल तर त्याने धरलेली दिशाच तुमची दिशा, मग तुम्हाला डावीकडे वळायची कितीही आवड असो. हा नियम शिष्टाचाराचा नाही, टक्कर टाळण्याचा आहे.

१३. धोका किती? खरं सांगा.

खरं सांगायचं तर आहे. प्रवासी विमानाइतकं हे सुरक्षित नाही आणि तसं सांगणाऱ्या क्लबात जाऊ नका. इंजिन बंद पडण्याची भीती नाही, पेट्रोलची आग नाही, एवढं खरं. अपघात होतात ते ठरावीक ठिकाणी: कमी उंचीवर हळू वेगाने वळताना स्टॉल होऊन (पंखांची उचल संपून) स्पिनमध्ये जाणं, लाँच बिघडल्यावर चुकीची प्रतिक्रिया (प्रश्न ८), एकाच थर्मलमध्ये दोघांची टक्कर (प्रश्न १२), आणि उंची संपत आली तरी ‘अजून एक थर्मल लागेल’ म्हणत राहणं. यंत्र दगा देतं असं क्वचित. माणसाचा निर्णय उशिरा होतो, हे नेहमीचं.

शेवटच्या कारणावर उपाय आधीच ठरवलेला असतो. अमुक उंचीला आलो की शोध बंद, सर्किटमध्ये शिरायचं. आभाळात कितीही सुंदर ढग असला तरी. लँडिंग एकदाच मिळतं. चुकलं म्हणून इंजिन वाढवून पुन्हा वर जायची सोय नाही.

१४. पावसाळ्यात काय करतात?

बहुतेक गप्पा. ओलं मैदान, खाली आलेले ढग, उन्हाचा पत्ता नाही. पुण्याच्या बाजूला खरा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो. हिवाळ्यात सकाळी हवा थिजलेली असते, म्हणून नवशिक्यांना लँडिंगच्या सरावाला उत्तम. थर्मल जागी व्हायला दुपार उजाडते. मार्च ते मे ऊन मी म्हणतं, थर्मल जोरात आणि उंच जातात, खाली माणसं भाजून निघतात. टोपी आणा, पण पुढे लांब चोच नसलेली. चोचीमुळे वरचं ग्लायडर दिसत नाही.

१५. परवाना कसा मिळतो?

भारतात तो डीजीसीए देतं. आधी विद्यार्थी परवाना, मग शिक्षण, लेखी परीक्षा, उड्डाणाची चाचणी. आंतरराष्ट्रीय मानकातली किमान अट अशी: ग्लायडरवर ६ तास, त्यातले २ तास एकट्याने, आणि त्या एकट्याच्या उड्डाणांत किमान २० लाँच आणि लँडिंग. आकडे लहान दिसतात, पण पाच-सात मिनिटांच्या उड्डाणांनी ६ तास भरायला काय लागतं याचा हिशोब करून बघा.

अर्ज भरण्याआधी चालू नियम तपासा. १९३४ च्या जुन्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, आणि जुन्या पुस्तकांतले संदर्भ आता जसेच्या तसे धरता येत नाहीत.

१६. मुलाला पायलट व्हायचंय. ग्लायडर केलं तर एअरलाइनला फायदा होईल?

थेट नाही. व्यावसायिक परवान्याचे तास इंजिनाच्या विमानावरच काढावे लागतात, नोकरी त्यावर मिळते. ग्लायडर हौसेसाठी शिकवा.

पण हात तयार होतो, हे नाकारता येत नाही. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एअर कॅनडाच्या बोईंग ७६७ चं इंधन हवेतच संपलं. परिमाणांच्या गोंधळात इंधन कमी भरलं गेलं होतं. कॅप्टन बॉब पिअर्सन हौशी ग्लायडर पायलट. धावपट्टीजवळ आल्यावर उंची जास्त आहे हे पाहून त्यांनी ग्लायडरसारखी साइडस्लिप केली, म्हणजे विमान आडवं करून घसरवत उंची घालवली, आणि गिमलीच्या जुन्या हवाई तळावर ते उतरवलं. सगळे वाचले. हा किस्सा ग्लायडिंगच्या कुठल्याही मैदानावर तुम्हाला पहिल्या आठवड्यात ऐकवला जाईल, तेव्हा आत्ताच माहीत असू दे.

१७. मी पॅराग्लायडिंग करतो / माझ्याकडे इंजिनाच्या विमानाचा परवाना आहे. लवकर जमेल का?

पॅराग्लायडरवाल्यांना आभाळ वाचता येतं, ही मोठी जमेची बाजू. वेग मात्र त्यांना पेलत नाही, सुरुवातीला सगळं फार भराभर येतं. विमानवाल्यांना वेग आणि रेडिओ जमतो, पण पाय आळशी असतात (प्रश्न १०) आणि डाव्या हाताला थ्रॉटल सापडत नाही म्हणून ते बेचैन होतात. दोघांनीही जुने तास सांगून इन्स्ट्रक्टरवर छाप पाडायचा प्रयत्न करू नये.

१८. घरी कॉम्प्युटरवर सराव केला तर?

कॉन्डॉरसारखा ग्लायडिंगचा सिम्युलेटर, दांडा आणि पेडलं असतील तर सर्किट आणि थर्मलमध्ये फिरण्याचा क्रम डोक्यात बसतो. तोटा एकच, उपकरणांकडे टक लावून बघायची सवय लागते. खऱ्या ग्लायडरमध्ये काट्यांवर कागद झाकून उडवायला लावणारे इन्स्ट्रक्टर आहेत.

१९. नुसतं मैदानावर घिरट्या घालून कंटाळा येत नाही? पुढे काय?

पुढे बिल्ले. आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाचा, म्हणजे एफएआयचा, चांदीचा बिल्ला मिळायला तीन गोष्टी कराव्या लागतात: ५० किलोमीटर अंतर, १००० मीटर उंची कमावणं, आणि ५ तास हवेत राहणं. सोन्याला ३०० किलोमीटर आणि ३००० मीटर. त्यापुढे हिरे, ज्यात ५०० किलोमीटर आणि ५००० मीटर आहेत. हे आकडे अवाढव्य वाटत असतील तर कळस सांगते. क्लाउस ओलमान यांनी २१ जानेवारी २००३ ला अर्जेंटिनात अँडीजच्या पर्वतलहरींवर (डोंगर ओलांडणाऱ्या वाऱ्यात उठणाऱ्या हवेच्या लाटांवर) स्वार होऊन ३,००९ किलोमीटर कापले. आणि २ सप्टेंबर २०१८ ला तिथल्याच एल कालाफातेहून निघालेलं पर्लान २ हे ग्लायडर ७६,००० फुटांच्या वर गेलं. इंजिनाशिवाय.

‘पाच तास म्हणजे... शू लागली तर?’ हा उपप्रश्न लाजत लाजत पण हमखास येतो. पुरुष पिशव्या वापरतात, महिला प्रौढांचं डायपर किंवा त्यासाठी बनवलेली साधनं. पाणी कमी पिणं हा उपाय नाही. कोरडा पडलेला मेंदू वाईट निर्णय घेतो.

२०. लांब गेलो आणि थर्मल मिळालंच नाही तर शेतात उतरायचं? उसात?

उसात तर मुळीच नाही. वरून ऊस हिरव्या मऊ गालिच्यासारखा दिसतो, आणि प्रत्यक्षात पुरुषभर उंच असतो. ग्लायडर शेंड्यांवर टेकतं आणि मग खाली आदळतं. शेतात उतरणं हा अपघात नव्हे, लांबच्या उड्डाणाचा नेहमीचा भाग आहे. पण शेत उंचीवरूनच निवडायचं असतं. कापणी झालेलं, वाऱ्याच्या दिशेने लांब, उतार असल्यास चढाच्या बाजूने. खांब दिसले म्हणजे मधे तारा आहेतच असं समजायचं, तारा दिसत नाहीत. आपल्याकडे बांध, विहिरी, दगडी ताली आणि ठिबकच्या नळ्या यांचीही भर घाला. उतरल्यावर गाव जमणार. शांतपणे ‘पाणी मिळेल का’ विचारा, मालकाला शोधा, नुकसान झालं असेल तर भरून द्या आणि पंखावर मुलांना बसू देऊ नका.

युरोपातल्या क्लबांत तुमच्या मागे ट्रेलर घेऊन कुणीतरी येतं. पंख काढून ग्लायडर त्यात घालायचं. ज्याला आणायला आलात त्याने जेवण द्यायचं, असा अलिखित कायदा.

२१. मी शिकायला जर्मनीत आहे. इथे क्लबात घेतील का?

घेतील, आणि ही संधी सोडू नका. जर्मनीत ग्लायडिंग गावोगावच्या क्लबांतून चालतं, इन्स्ट्रक्टर बहुधा विनामोबदला शिकवतात. त्याबदल्यात कामाचे तास द्यावे लागतात. हिवाळ्यात वर्कशॉपमध्ये ग्लायडर घासणं, रंगवणं, गवत कापणं. मैदानावर रेडिओ आणि बोलणं जर्मनमध्येच असतं, म्हणून भाषा थोडी तरी हवी. युरोपीय नियमात १४ व्या वर्षी सोलो आणि १६ व्या वर्षी परवाना. त्यासाठी किमान १५ तासांचं शिक्षण, ज्यात १० तास इन्स्ट्रक्टरसोबत आणि २ तास एकट्याने, शिवाय ४५ लाँच. जमलं तर एकदा वासरकुप्पेच्या डोंगरावर जाऊन या. १९२० पासून या खेळाची जत्रा तिथे भरत आली, आणि पायथ्याच्या पोपेनहाउझेनला एएसके २१ बनतं.

२२. तिकडचा परवाना घेऊन हडपसरला उडवता येईल?

थेट नाही. भारतात नोंदलेलं ग्लायडर उडवायला डीजीसीएची मान्यता लागते. लॉगबुक मात्र नीट भरून, इन्स्ट्रक्टरच्या सह्यांसकट आणा. प्रत्येक लाँचची पद्धत वेगळी लिहा. विमानाने ओढत नेऊन शिकलेल्याला विंचवर नव्याने शिकावं लागतं.

२३. स्वतःचं ग्लायडर घेता येईल का?

युरोपात जुनं एक आसनी ग्लायडर ट्रेलरसकट वापरलेल्या मोटारीच्या किमतीत मिळतं आणि दोघा-तिघांत घेण्याची पद्धत आहे. भारतात आयात, नोंदणी, वार्षिक तपासणी आणि ठेवायला हँगर, या चारांतलं शेवटचंच आधी अडेल. एके काळी आपण स्वतः बनवत होतो. डीजीसीएच्या तांत्रिक केंद्रात अश्विनी, रोहिणी, कार्तिक, भरणी, मृगशीर अशी ग्लायडर तयार झाली, आणि नंतर विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीने आर्द्रा केलं. पंचांगातली पहिली सहा नक्षत्रं पूर्ण झाली आणि तिथेच गाडी थांबली. रोहिणीत विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर शेजारी शेजारी बसायचे, त्यामुळे चेहऱ्यावरूनच कळायचं म्हणे की आपलं काय चुकलं.

२४. माझा विमा चालतो का? घरच्यांनी आधी हेच विचारलं.

घरच्यांनी बरोबर विचारलं. वैयक्तिक अपघात विम्यात ‘तिकीट काढून प्रवासी म्हणून केलेला विमान प्रवास सोडून इतर उड्डाण’ वगळलेलं असणं सर्रास आढळतं. आयुर्विम्याच्या अर्जात धोकादायक छंदांचा रकाना असतो. तिथे ग्लायडिंग लपवलं तर दाव्याच्या वेळी वारसांना त्रास होतो. शिकायला सुरुवात करण्याआधी कंपनीला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. एजंट फोनवर ‘काही होत नाही हो’ म्हणाला तर त्याला तेच ईमेलवर लिहायला सांगा. आधीपासून पॉलिसी चालू असेल आणि छंद नंतर लागला असेल, तर कळवणं बंधनकारक आहे की नाही हे त्या पॉलिसीच्या अटींवर ठरतं. त्या अटी वाचून घ्या, आणि केंद्राचा किंवा क्लबाचा स्वतःचा विमा विद्यार्थ्याला किती लागू होतो हेही पहिल्याच भेटीत विचारा.